पायलटच्या गोष्टीचे चारशे पौंड

वाचकाचं पत्र (थोडं कापलंय):

"नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. मिलिटरी घड्याळांचा नाद नव्यानेच लागलाय, अजून एकही घेतलेलं नाही. इथे जुन्या घड्याळांच्या बाजारात एक विक्रेता भेटला, त्याच्याकडे न्यूमार्कचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ) आहे. मागच्या झाकणावर 6BB/924-3306, सरकारी बाणाचं चिन्ह आणि त्याखाली नंबर आणि /80 असं कोरलंय. तो म्हणतो हे 1982 च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियर उडवलेल्या नेव्हीच्या पायलटचं. गोष्टीसकट 2200 पौंड, नुसतं घड्याळ 1800. केस नुकतीच पॉलिश केलेली, एकदम चकाचक, काटे रात्री छान चमकतात. घेऊ का? घेतलंच तर डिसेंबरात सांगलीला नेऊन ओळखीच्या घड्याळवाल्याकडून सर्व्हिस करून घ्यायचा विचार आहे, इथे फारच पैसे सांगतात. बायको म्हणते एवढ्यात सोनं आलं असतं. गुंतवणूक म्हणून बघता येईल का? – स."

स., तुमच्या विक्रेत्याने तुमच्यावर एक उपकार केलाय, त्याने गोष्टीची किंमत वेगळी सांगितली. चारशे पौंड. बहुतेक लोक ती घड्याळाच्या किमतीत कालवून टाकतात आणि मग घेणाऱ्याला कळतच नाही आपण नक्की कशाचे पैसे मोजले. तेव्हा आपणही दोन हिशोब वेगळेच ठेवू, आधी गोष्टीचा आणि मग घड्याळाचा.

गोष्टीत पहिली अडचण मागच्या झाकणावरच आहे, आणि तुम्ही ती स्वतः पत्रात लिहून पाठवलीत. 6BB म्हणजे रॉयल एअर फोर्सचा स्टोअर कोड. नेव्हीला दिलेल्या ह्याच जातीच्या घड्याळांवर 0552 असतं, पुढचं 924-3306 तेच. आता सी हॅरियर हे नेव्हीचं विमान, 800 आणि 801 स्क्वाड्रन, हर्मीस आणि इन्व्हिन्सिबल ह्या दोन जहाजांवरून उडायचं. मग नेव्हीच्या पायलटच्या हातात एअर फोर्सच्या स्टोअरचं घड्याळ कसं आलं? उत्तर असू शकतं, म्हणजे एअर फोर्सचे काही पायलट नेव्हीच्या स्क्वाड्रनमध्ये सी हॅरियर उडवत होतेच, शिवाय एअर फोर्सच्या 1 नंबर स्क्वाड्रनचे हॅरियर जीआर थ्री मे 1982 मध्ये हर्मीसवर पोचले होते, ते पायलट तर पूर्णपणे एअर फोर्सचेच. पण तुमचा विक्रेता ह्यातलं काहीच म्हणत नाहीये, तो सरळ "नेव्हीचा पायलट" म्हणतोय. म्हणजे एकतर त्याला कोड वाचता येत नाही किंवा गोष्ट त्याच्यापर्यंत येता येता बदलली. तिसरी शक्यता मी लिहीत नाही, तुम्हाला समजलीच असेल.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे आणि ती सगळ्याच इश्यू केलेल्या घड्याळांना लागू पडते. ही घड्याळं कोणाला बक्षीस म्हणून मिळायची नाहीत. ती स्टोअरच्या हिशोबात असायची, सही करून घ्यायची, काम झालं की परत करायची, बिघडलं की वर्कशॉपला जायचं आणि नीट होऊन दुसऱ्याच कोणाच्या हातात. झाकणावरचा नंबर घड्याळाचा आहे, माणसाचा नाही. त्या नंबरावरून अमुक पायलटचं नाव काढून देईल असं रजिस्टर बाजारात कोणी दाखवत असेल तर हात जोडून निघून या. नाव जोडायचंच असेल तर कागद बाहेरून यायला पाहिजे, म्हणजे त्या माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या सहीचं पत्र, लॉगबुकची पानं, मनगट दिसेल असा त्या काळातला फोटो. तेही घड्याळासोबत आयुष्यभर राहतील असे, "नंतर पाठवतो" वाले नकोत. असं काही हातात असेल तर चारशे पौंड स्वस्तच म्हणायचे. नसेल तर ती गोष्ट त्याने तुम्हाला सांगून झालेलीच आहे, आणि ती फुकट सांगितली आहे, नाही का.

आता घड्याळ. इथे मला जरा उत्साह येतो कारण निवड चांगली आहे तुमची.

ब्रिटिश सरकारने 1970 च्या सुमाराला एका ठरावीक नमुन्याचा दोन बटणांचा क्रोनोग्राफ घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत चार नावांनी तो आला, हॅमिल्टन, सीडब्ल्यूसी, न्यूमार्क आणि प्रेसिस्टा. संग्राहक ह्यांना फॅब फोर म्हणतात. हॅमिल्टनच्या ब्रिटनमधल्या धंद्यात असलेल्या रे मेलर यांनी 1972 मध्ये सीडब्ल्यूसी काढली, म्हणून त्या दोघांत इतकं साम्य दिसतं. चौघांतही मशीन एकच, व्हॅलजू 7733, चावीचं, तासाला 18,000 ठोके, तीनवर 30 मिनिटांचा काउंटर आणि नऊवर छोटा सेकंद काटा, तारीख नाही. केस वाकडी, म्हणजे उजवीकडची बाजू मुद्दाम जाड ठेवलीय, चावी आणि बटणं कशाला अडकू नयेत म्हणून. पट्ट्याच्या दांड्या केसलाच पक्क्या, त्यामुळे आरपार जाणारा नायलॉनचाच पट्टा लागतो, लेदरचा साधा पट्टा बसवायच्या भानगडीत पडू नका. ह्या मशीनचा भाऊबंद म्हणजे व्हॅलजू 7734, त्याची यंत्रसामग्री 1970 च्या दशकात सोव्हिएत युनियनने विकत घेतली आणि त्यातून पोल्योट 3133 निघालं जे त्यांच्या वैमानिकांच्या हातात होतं, म्हणजे शीतयुद्धात दोन्ही बाजूंच्या मनगटावर जवळजवळ एकाच खानदानाचं मशीन टिकटिकत होतं. असो, विषय सोडून चाललो.

न्यूमार्कचे हे क्रोनोग्राफ 1980 सालचेच सापडतात, तेव्हा तुमचं /80 जुळतं. 6BB पण जुळतं. इथपर्यंत सगळं ठीक.

मला खटकलं ते "रात्री छान चमकतात". डायलवर गोलात लिहिलेला टी असेल बघा, तो ट्रिटियमचा, म्हणजे आकडे-काटे चमकवायला वापरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचा. ट्रिटियमचं अर्धआयुष्य साधारण 12.3 वर्षं, म्हणजे 1980 पासून आत्तापर्यंत साडेतीनहून जास्त वेळा ते निम्म्यावर आलंय, दहा टक्के पण शिल्लक नाही, आणि सोबतची चमकणारी पावडरही थकलेली. असं घड्याळ अंधारात जवळजवळ आंधळंच असलं पाहिजे, फार तर टॉर्च मारल्यावर दोन सेकंद कोमट उजेड देईल आणि विझेल. तुमचं छान चमकतंय म्हणजे काट्यांवर नंतर कोणीतरी नवीन मसाला भरलाय, नाहीतर काटेच नवीन आहेत. भिंग घेऊन बघा, डायलवरचे ठिपके आणि काट्यांमधला रंग एकाच जातीचा म्हातारा झालाय का. ठिपके पिवळसर आणि काटे पांढरेशुभ्र, किंवा मसाला कडेच्या बाहेर सांडलेला, असं दिसलं तर समजून जा. डायल मूळ आणि फक्त काटे भरलेले असतील तर फार वाईट नाही, भाव कमी करा आणि पुढे चला. डायलच परत छापलेली असेल तर मात्र माझ्या मते सोडून द्या. बाणाच्या आणि टीच्या कडा बघा, मूळ छपाई बारीक आणि स्वच्छ असते, परत छापलेली जाड आणि किंचित पसरट, आकड्यांच्या बुडाशी शाई फुगलेली.

"नुकतीच पॉलिश" हे विक्रेते गुण म्हणून सांगतात, ह्या छंदात तो अवगुण आहे. ह्या केसच्या कडा धारदार असतात, बफिंगने त्या गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. आणि एक गंमत बघा, केस पॉलिशने गुळगुळीत झालेली आणि मागची कोरीव अक्षरं मात्र काल कोरल्यासारखी खोल आणि टोकदार, असं असेल तर दोन गोष्टींचं वय जुळत नाही. झाकण बदललेलं असू शकतं, किंवा अक्षरंच नवीन. उलट अक्षरं आणि केस दोन्ही सारखेच झिजलेले असतील तर मला जास्त विश्वास वाटतो, मग घड्याळ कितीही कळकट दिसो.

पण इथे थोडं सबुरीने घ्यायचं. मिलिटरी वर्कशॉपला संग्राहकांची काही पडलेली नव्हती. काटा मोडला, दुसरा लावला. डायल खराब, स्टोअरमधून नवीन. दोन घड्याळं एकदम उघडली आणि झाकणं अदलाबदल झाली तरी कोणी विचारणार नव्हतं. जर्मन सैन्याला दिलेल्या ह्यूअर बुंडमध्ये तर डायल बदललेल्या घड्याळांचा सुळसुळाट आहे, काही सैन्यातच बदललेल्या, काही नंतर झिन कंपनीने ती दुरुस्त करून विकली तेव्हाच्या. फ्रेंच सैन्याच्या टाइप 20 क्रोनोग्राफवर मागे एफजी आणि तारीख कोरलेली दिसते, दुरुस्तीची गॅरंटी कधीपर्यंत त्याची, म्हणजे त्यांनी निदान नोंद तरी घड्याळावरच ठेवली. त्यामुळे "सगळं शंभर टक्के मूळ" हा हट्ट मिलिटरी घड्याळाला लावू नका. प्रश्न एवढाच की बदल सैन्यात झालाय की मागच्या वर्षी कोणाच्या तरी टेबलावर. पहिला इतिहास झाला, दुसरी रंगसफेदी.

आणि "मिलिटरी" आणि "इश्यू केलेलं" ह्यातही फरक असतो बरं का. झेनिथचा कैरेल्ली नावाचा 43 मिमीचा भलामोठा क्रोनोग्राफ इटालियन सैन्यासाठी बनला, साधारण 2500 नग, पण त्यातले बरेच सैन्यात गेलेच नाहीत, बाजारात विकले गेले. गेलेल्यांवर मागे एएमआय (इटालियन हवाई दल) आणि एमएम (सैन्याचा नोंदणी) नंबर कोरलेला असतो. दिसायला दोन्ही सेम, भावात फरक. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, कोड आहे, पण पुढे कधी मोहात पडाल म्हणून सांगून ठेवलं.

हातात घेतल्यावर काय करायचं ते सांगतो. पूर्ण चावी द्या, अडखळते का बघा. वरचं बटण दाबा, मधला मोठा काटा उडी न मारता निघाला पाहिजे. चार-पाच मिनिटं चालू दे, तोपर्यंत विक्रेत्याशी हवापाण्याच्या गप्पा मारा, आणि प्रत्येक मिनिटाला तीनवरचा छोटा काटा पुढच्या रेघेवर नीट बसतोय का बघा. वरचंच बटण परत दाबून थांबवा, मग खालचं दाबा, दोन्ही काटे बरोब्बर शून्यावर आले पाहिजेत, शून्याच्या शेजारी नव्हे. चालू असताना खालचं बटण दाबायचं नाही. फ्रेंच टाइप 20 आणि ह्यूअर बुंडमध्ये ते चालतं, त्यांची रचनाच तशी आहे की चालू असताना एका दाबात शून्यावर येऊन परत पळायचं, तुमच्या 7733 मध्ये ती सोय नाही आणि जोर केलात तर काहीतरी मोडेल. मग झाकण उघडून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर घेऊ नका, इतकं सोपं आहे. उघडलं की बॅलन्स व्हीलच्या खाली 7733 आकडा दिसतो, आणि गंज, स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या, ते सगळं तुम्हालाही दिसेल, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. फोटो काढा, झाकणाच्या आतल्या बाजूचापण.

आता सांगलीचा बेत. आपल्याकडच्या जुन्या घड्याळवाल्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, त्यातले काहीजण ज्या स्थितीतली मशीनं चालू करतात ते बघून इथले दुकानदार गप्प बसतील. शंका वेगळी आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक घड्याळ नवं दिसावं म्हणून देतं, म्हणून घड्याळवाला चांगल्या मनाने ते नवं करून देतो. डायल रंगवतो, काट्यात हिरवा मसाला भरतो, केसला बफ मारतो, काच बदलतो आणि वर सांगतो, साहेब बघा, शोरूममधून आणल्यासारखं. ह्या प्रेमापोटीच जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी "मुंबई स्पेशल" हा शब्द बसलाय, कुठल्याही जुन्या मशीनवर रंगीबेरंगी छापलेली नवी डायल असली की त्याला ते तसं म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. त्यात मिलिटरी बाण छापलेल्या डायलींचाही भरणा आहे. तुमच्या 1800 पौंडाच्या घड्याळाचे एका दुपारात पाचशे होऊ शकतात, आणि कोणाचाच हेतू वाईट नसेल.

तरी न्यायचंच असेल तर घड्याळवाल्याला समोर बसून सांगा, चिठ्ठीपण द्या: मशीन खोलून धुणं आणि तेल एवढंच, डायलला हात नाही, काट्याला हात नाही, केसला बफ नाही, एखादा पार्ट बदलावाच लागला तर जुना पार्ट पुडीत बांधून परत. आणि आधी विचारा की क्रोनोग्राफ किती केलेत, साधं घड्याळ आणि क्रोनोग्राफ ह्यात लिव्हर, स्प्रिंग, कॅम असा एक आख्खा मजला जास्त असतो. तो हसून "बघू की" म्हणाला तर चहा पिऊन परत या. मला विचाराल तर पहिली सर्व्हिस बर्मिंगहॅमच्या आसपासच करा, महाग का असेना, आणि त्याचं बिल जपून ठेवा. विकताना ते बिल फॉकलंडच्या गोष्टीपेक्षा जास्त कामाला येतं.

सोन्याबद्दल: वहिनींचं बरोबर आहे. गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर सोनं घ्या, सोन्याला दर पाच वर्षांनी तेल-पाणी लागत नाही आणि विकायला गेल्यावर सराफ डायल मूळ आहे का विचारत नाही. जुनी घड्याळं वर जातात तशी खालीही येतात, त्यात विक्रेत्याचं कमिशन, सर्व्हिस, विमा. घड्याळ घ्यायचं तर त्या पैशावर पाणी सोडल्यासारखंच घ्या, आणि घरात दोघांचं ठरलेलं असू दे, कपाटात मागे लपवून ठेवायच्या वयात नाही आहात आता तुम्ही.

आणि पहिलंच घड्याळ आहे म्हणताय तर मी तुम्हाला दुसरीकडेच वळवतो. सायको 7A28-7120. रॉयल एअर फोर्सने 1984 पासून हेच देऊन चावीवाल्या क्रोनोग्राफला निरोप दिला. क्वार्ट्झ म्हटल्यावर नाक मुरडू नका, 7A28 हे 1983 चं जगातलं पहिलं काट्यांचं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ मशीन, आत चार छोट्या मोटरी, 15 ज्वेल, सगळं धातूचं आणि खोलून दुरुस्त करता येणारं. मागे 6645-99 ने सुरू होणारा नाटोचा नंबर असतो, 6645 म्हणजे वेळ मोजायची उपकरणं आणि 99 म्हणजे ब्रिटन (जर्मन घड्याळावर त्या जागी 12 दिसेल). डायलवर गोलात टीऐवजी पी असतो, प्रोमेथियमचा. न्यूमार्कच्या मानाने बऱ्याच कमी पैशात येतं, 394 नंबरचा सेल घातला की चालतं, आणि ह्याच्यामागेही तेवढीच खरी नोकरी आहे, तेच वैमानिक, तीच स्टोअरची सही. फक्त बटण दाबल्यावर सगळे काटे शून्यावर येतात का तेवढं बघून घ्या. एखादं वर्ष हे वापरा, डोळा तयार होऊ दे, मग फॅब फोरकडे या. आणि नुसता तो वाकडा आकार आवडत असेल, इतिहासाशी काही देणंघेणं नसेल, तर हॅमिल्टनने आणि सीडब्ल्यूसीने दोघांनीही तो नव्याने काढलाय, नवं कोरं घ्या, पावसात घाला.

महायुद्धाच्या काळातल्या घड्याळांकडे मात्र एवढ्यात जाऊ नका. जर्मन हानहार्ट वगैरे, ते लाल बटणवाले, दिसायला जीव जावा असे आहेत. पण त्या डायलवर ट्रिटियम नाही, खरं रेडियम असतं, आणि त्याचं अर्धआयुष्य 1600 वर्षं. चमकणं कधीच बंद झालेलं असतं, रेडियम मात्र तसंच. बंद केसमध्ये ठीक आहे, उघडून आतली पावडर खरवडणं किंवा फुंकर मारणं अजिबात नको, घरात लहान मूल असेल तर आणखीच नको. आणि हे डिसेंबरात सांगलीला न्यायचं तर नावच काढू नका, टेबलावर उघडून बसणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे.

तर तुमच्या न्यूमार्कचं म्हणाल तर असं करा. विक्रेत्याला दोन ओळी लिहा: 6BB हा एअर फोर्सचा कोड आहे, मग हा पायलट नेव्हीचा कसा, आणि नावाचा कागद काय आहे. आणि काटे परत भरलेत का, कधी, कोणी. तो चिडला नाही, सरळ बोलला, "काटे मीच भरून घेतले, गोष्ट मला मिळाली तशी सांगितली" म्हणाला तर माणूस बरा आहे, मग गोष्ट विसरून 1800 वरून खाली बोलायला लागा, पॉलिश आणि काटे दोन्हीचे पैसे कापा. डायल परत छापलेली निघाली तर कितीही खाली आला तरी नको. त्याचं उत्तर आणि झाकणाच्या आतला फोटो मला पाठवा, डायलचा भिंगातून काढलेला एक फोटो सोबत असेल तर आणखी बरं.